मागचं डावं दार

हवालदार वरोकार गाडी घेऊन आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दिगंबर मोहोडच्या वर्कशॉपचा पत्रा तापून कुरकुरायला लागला होता. टोइंगवाल्यानं पांढरी गाडी खाली उतरवली, साखळी सोडली आणि सरळ माठाकडे धाव घेतली. दिगंबरला नंबर वाचायची गरजच पडली नाही. बंपरवरचा ओरखडा त्याच्याच अंगणात पडलेला होता, गेल्या दिवाळीत, तुळशीच्या ओट्याला घासून.

"मोहोडभाऊ, याची बॉडीची डबी काढून द्या," वरोकार म्हणाले. "अमरावतीच्या लॅबले पाठवा लागते. आमच्या ठाण्यात कोणाले येत नाई. मागच्या खेपेले एकानं पेचकसानं ओरबाडून काढली, तं साहेबानं आमचीच हजेरी घेतली."

"कवा पाह्यजे?"

"पाच वाजता येतो. सील करून घेऊन जातो." हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "ते बँकेच्या मागं बाई गेली ना गाडीत, तेच प्रकरण हाय. सून लॉक करून गेली म्हणते घरचे. डबी वाचली की समजते बटन कोणी दाबलं. तिनं दाबलं असन तं कलम लागते, दुसरं काय."

इथं दिगंबरनं बोलायला हवं होतं. ती सून माझी पोरगी आहे, एवढं एकच वाक्य. पण त्यानं वहीत सही केली, वरोकारांनी मोटरसायकलवर टांग टाकली, आणि वाक्य राहूनच गेलं. साठी गाठलेल्या, अख्ख्या अकोल्यात सरळ म्हणून नाव असलेल्या माणसानं पोलिसापुढे पहिली लबाडी केली ती अशी, काहीच न बोलता.

दहा दिवसांपूर्वी प्रांजली सासूला घेऊन बँकेत गेली होती. यमुनाबाई पातोंड, म्हणजे दिगंबरच्या विहीणबाई, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. पेन्शन चालू राहायची तर आपण हयात असल्याचा अंगठा वर्षातून दोनदा द्यावा लागे, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा मे महिन्यात. हा मे महिना ज्या कोणी ठरवला त्यानं अकोला बघितलेलं नसावं. बाहेर सत्तेचाळीस अंश होतं. कंपवातामुळे यमुनाबाईंना बँकेच्या पायऱ्या चढणं जमत नव्हतं, म्हणून प्रांजलीनं गाडी मागच्या आवारात भिंतीशी लावली, एसी चालू ठेवला आणि साहेबाला अंगठ्याचं यंत्र घेऊन बाहेर बोलवायला ती आत गेली. पाच मिनिटांचं काम होतं. पण साहेबापुढे रांग होती, मग यंत्राची बॅटरी उतरलेली निघाली, मग दुसरं यंत्र कुणाच्या तरी कपाटात होतं आणि कपाटाची चावी सापडेना. पंचावन्न मिनिटांनी ती साहेबाला घेऊन बाहेर आली तेव्हा एसी बंद होता, चारी दारं बंद होती आणि यमुनाबाई मागच्या डाव्या दाराला टेकून गेलेल्या होत्या. साहेबाच्या हातात अंगठ्याचं यंत्र तसंच होतं.

तेव्हापासून तुषार, म्हणजे दिगंबरचा जावई, बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. बोलली ती त्याची मोठी बहीण. चार माणसांत तिनं सांगितलं, की ही नेहमीच आईला लॉक करून ठेवायची, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. चौथ्या दिवशी प्रांजली एक पिशवी घेऊन माहेरी आली. तेरावं तीन दिवसांवर आलं होतं आणि तिला अजून निरोप नव्हता. घरात ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, आणि मधूनच बापाला विचारायची, "बाबा, मी लॉक केलं असेल का हो?" दिगंबरला या प्रश्नाची फार भीती वाटायची. पहिल्या दिवशी ती "मी लॉक केलं नाही" असं म्हणत होती.

आता ही डबी म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाडीचं इंजिन किंवा मोटर चालवणारा मेंदू वेगळा. दारं, काचा, दिवे, वायपर, हॉर्न, कुलपं, एसीचं चालू-बंद, या सगळ्या घरकामाचा कारभार पाहणारं जे खोकं डॅशबोर्डखाली बसवलेलं असतं, ते बॉडी कंट्रोल मॉड्यूल. बाजारात त्याला नुसतं बॉडीची डबी म्हणतात. पूर्वीची डबी आज्ञाधारक होती. बटण दाबलं की काच खाली, मग बटण माणसानं दाबलेलं असो की वायर कुरतडणाऱ्या उंदरानं. ओल, धूळ आणि उंदीर या तिघांनी मिळून कंपन्यांच्या इतक्या डब्या बिघडवल्या, की शेवटी त्यांनी शिकणारी डबी काढली.

ही डबी प्रत्येक बटणाचा आणि प्रत्येक मुठीचा एक आकडा मनात ठेवते. दिगंबर गिऱ्हाइकांना समजावताना त्याला भरवसा म्हणायचा. नव्या गाडीत सगळ्यांचा भरवसा शंभर. मागच्या दाराची मूठ ओढली गेली, की पुढच्या पडद्यावर प्रश्न येतो, "मागचं दार उघडायचं?" चालवणाऱ्यानं "हो" म्हटलं की त्या मुठीचा भरवसा वाढतो, "नको" म्हटलं की थोडासा उतरतो. आकडा उतरतो तसे प्रश्न विरळ होत जातात, आणि तो दहाच्या खाली गेला, की ती मूठ खोटं बोलते असं डबी ठरवून टाकते. मग ती विचारतही नाही. संकेत येतो, तो केराच्या टोपलीसारख्या एका तक्त्यात पडतो आणि कोणाला कळत नाही. दारांच्या जुन्या तारा आणि खिट्ट्या तर केव्हाच गेल्या होत्या. संकटकाळी ओढायची एक पट्टी दाराच्या खणात झाकणाखाली असते, असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक कोण वाचतं हे आपल्याला माहीतच आहे.

डबी बिघडली तर कंपनीचा नियम कडक होता. नवी, कोरी डबी घालायची, सगळे आकडे शंभरावर, आणि गाडीनं घरातल्या माणसांना पहिल्यापासून ओळखायचं. लोकांचा या नियमावर भारी राग. शिकवून तयार केलेली गाडी पंधरा दिवस अशी वागायची, की कालच सासरी आलीये. सीट भलत्याच उंचीवर, दिवा भलत्या वेळी, आणि सतरा प्रश्न. दिगंबरला हा कंपनीचा आडमुठेपणा वाटायचा. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली. जुन्या डबीच्या चिपवर चिमटा लावायचा, सगळी आठवण लॅपटॉपवर उतरवायची आणि नव्या डबीत जशीच्या तशी भरायची. चाळीस मिनिटांत गाडी होती तशी. वर्कशॉपबाहेर त्यानं पाटी रंगवून घेतली होती: "आठवण न पुसता बॉडीची डबी बदलून मिळेल." तीन वर्षांत त्रेचाळीस गाड्या. दूर यवतमाळहून माणसं यायची, आणि दिगंबरला या पाटीचा अभिमान होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

या त्रेचाळिसातलीच एक ही पांढरी गाडी.

आठ महिन्यांपूर्वी तुषार ती घेऊन आला होता. काचा आपोआप खाली पडत होत्या, वायपर कोरड्या काचेवर खरखरत होते आणि एका नातेवाइकाच्या अंत्ययात्रेत हॉर्न अडकून बसला होता. मागच्या सीटवर यमुनाबाई होत्या. त्यांना हाताला धरून उतरवलं, पंख्याखाली खुर्ची दिली, अर्धा कप चहा दिला. पूर्ण कप त्यांच्या हातात टिकत नसे.

"मामा, कंपनीवाले कोरी डबी टाका म्हणतात," तुषार सासऱ्याला म्हणाला. "पण आईचं सगळं शिकवून झालंय हो. सीट किती वाकवायची, ती घरात शिरेस्तोवर दिवा किती वेळ ठेवायचा. तिचा हात कापतो, तो सारखा दाराला लागतो. पहिले दर मिनिटाला विचारायची गाडी. आता कुठं शांत झाली."

"मंग पाटी काय उगाच लावली काय मी?" दिगंबर हसून म्हणाला.

यमुनाबाईंनी बशीत चहा सांडत सांडत त्याच्याकडे पाहिलं. "दिगंबरभाऊ, माह्या हाताले बी एक नवी डबी बसवून द्या ना. पण आठवण ठेवजा बरं. चार हजार पोरं या हातानं जन्माले घातली."

सगळे हसले होते. दिगंबर सगळ्यात जास्त.

आता त्यानं शटर अर्धं ओढलं, पंखा लावला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. चार स्क्रू, दोन सॉकेट. डबी हातात आली तेव्हा तिच्यावर त्याचाच स्टिकर होता, त्याच्याच अक्षरात तारीख. त्यानं टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला आणि चिमटा लावला.

पहिली नोंद मिळाली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. अकरा चाळीसला चावी गाडीपासून दूर गेली, अकरा एक्केचाळीसला दारं बंद: आपोआप. चावी लांब गेली की बाहेरून कोणी उघडू नये म्हणून गाडी स्वतःच बंद होते, तशी ती झाली होती. बटण कोणीही दाबलेलं नव्हतं. प्रांजली सुटली. दिगंबर खुर्चीत मागं रेलला आणि दोन मिनिटं त्याला रडू आवरेना.

मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. बाहेरून बंद झालं तरी आतून दार उघडायलाच हवं. पुढं चालवणारा नसला की डबी विचारत बसत नाही, मूठ ओढली की दार उघडतं. ते का उघडलं नाही?

त्यानं केराचा तक्ता उघडला.

मागच्या डाव्या दाराच्या मुठीचा भरवसा होता सहा.

अकरा पंचावन्नला गाडीनं नियमाप्रमाणे विचारलं होतं, "आत कोणी आहे का? कुठलंही बटण दाबा." उभ्या गाडीत एसी चालू राहिला की पंधरा मिनिटांनी ती असं विचारते, बॅटरी वाचवायला. सीटवरच्या नुसत्या वजनावर ती विश्वास ठेवत नाही, कारण आपल्याकडे मागच्या सीटवर माणसांपेक्षा सोयाबीनची पोती जास्त बसतात. यमुनाबाईंनी उत्तर दिलं होतं. दाराची मूठ आणि शेजारचं काचेचं बटण, दोन्ही एकाच पट्टीवर, दोन्हींचा भरवसा गेलेला. अकरा छप्पन्नला डबीनं ठरवलं की आत कोणी नाही, आणि एसी बंद केला. त्यांचा फोन प्रांजलीच्या पर्समध्ये होता, पेन्शनच्या कागदांबरोबर. हॉर्न पुढे, हाताबाहेर, आणि पलीकडच्या दारापर्यंत सरकणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आणि कंपवातानं यमुनाबाईंचा आवाज तर दोन वर्षांपासून इतका खोल गेला होता, की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे.

त्यानंतरच्या ओळी दिगंबर बोट ठेवून वाचत गेला. अकरा सत्तावन्न, मूठ. अकरा सत्तावन्न, काच. अकरा अठ्ठावन्न, मूठ, मूठ, काच. प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा, "खोटा संकेत, सोडला". अशा एकशे सत्तावीस ओळी.

डबी स्पर्शातला कंपही मोजते. यमुनाबाईंचा हात सेकंदाला पाच वेळा कापायचा आणि पहिल्या चाळीसेक ओळींत तसाच आकडा होता. बारा वाजून नऊ मिनिटांपासून तो बदलला. कंप जवळजवळ शून्य. एकदा ओढ, थांब, परत ओढ, थांब, अगदी सावकाश आणि ठाम. दिगंबरला आधी वाटलं, यंत्र चुकलं. मग त्याला कळलं. बाईंनी उजव्या हातानं डावा हात घट्ट धरला होता. आपला हात कापतो म्हणून गाडी ऐकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी तो स्थिर करून दाखवला होता. डबीनं तेही खोट्यातच टाकलं, कारण ती आता हात पाहतच नव्हती. कुठल्या दाराचा आहे एवढंच पाहत होती. शेवटची ओळ बारा एकतीसची होती.

हे दार अविश्वासू ठरलं कसं, तेही तिथंच लिहिलेलं होतं. "नको" म्हटल्याच्या नोंदी दोनशे चव्वेचाळीस. तुषारच्या चावीवर एकशे चौसष्ट. प्रांजलीच्या चावीवर एकाहत्तर. उरलेल्या नऊ तुषारच्याच चावीवर होत्या, पण सीट मागं सरकवलेली, चालवणाऱ्याचं वजन ब्याऐंशी किलो. तारीख गेल्या फेब्रुवारीची. दिगंबरला कारंज्याचं लग्न आठवलं. त्या दिवशी गाडी त्यानंच चालवली होती.

"विहीणबाई, दाराले हात नका लावू," तो आरशात पाहून म्हणाला होता.

"चुकून लागला भाऊ हात," यमुनाबाई ओशाळून म्हणाल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कारंजा येईपर्यंत.

त्यानं कागद घेऊन हिशेब मांडला. जुन्या डबीतून आठवण उतरवली तेव्हा त्या मुठीचा भरवसा चौदा होता. तो चौदा त्यानं स्वतःच्या हातानं नव्या डबीत भरला. नियमाप्रमाणे कोरी डबी घातली असती, तर शंभरापासून सुरुवात झाली असती आणि आठ महिन्यांत आकडा साठाच्या खाली गेला नसता. दार पहिल्याच ओढीला उघडलं असतं. कंपनीचा नियम कशासाठी होता ते त्याला तीन वर्षांनी कळलं, आणि आता कळून कोणाच्या काय कामाचं होतं?

दुपारचा एक वाजला होता. चिमटा अजून लावलेलाच होता. केराचा तक्ता पुसायला पाच मिनिटं लागली असती आणि मागमूस राहिला नसता. "आपोआप" ही ओळ तेवढी ठेवायची. प्रांजली निर्दोष, दार उघडलं नाही हा कंपनीचा दोष, मोहोडांची पाटी जागेवर, आणि कोणालाही हे आकडे कधी बघावे लागणार नाहीत. यात वाईट कोणाचं होतं? दिगंबरनं पहिल्या ओळीवर बाण आणला आणि मग त्याला बाकीच्या बेचाळीस गाड्या आठवल्या. त्या गाड्यांच्या मागच्या सीटवरही कोणी ना कोणी बसत असेलच.

शटर खडखडलं. प्रांजली जेवणाचा डबा घेऊन आली होती. आत येता येता तिला गाडी दिसली आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"ही इथं?"

"पोलिसांनी आणली. बस." दिगंबर लॅपटॉप मिटायला गेला, पण ही पोरगी याच वर्कशॉपमध्ये लहानाची मोठी झाली होती. दहावीत असताना ती गिऱ्हाइकांच्या डब्या वाचून द्यायची.

"बाबा, राहू द्या. मला पाहू द्या."

"बेटा, तू लॉक केलं नोतं. आपोआप झालं. पाह्य, इथं लिहिलंय. तुह्यावर काईच येत नाई."

तिनं ती ओळ वाचली. तिचे खांदे खाली आले. दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं पूर्ण श्वास घेतला असेल. पण ती तिथं थांबली नाही. खाली खाली गेली, ओळीमागून ओळ, आणि दिगंबरला तिला अडवायचा धीर झाला नाही. बारा नऊपाशी तिचं बोट थांबलं.

"इथून आईंचा हात कापत नाही."

"हाव."

"धरला असेल दुसऱ्या हातानं. गोळी द्यायची तेव्हा तशाच धरायच्या." तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "माझ्या चावीवर किती आहेत?"

"काय करतं विचारून?"

"बाबा."

"एकाहत्तर," दिगंबर म्हणाला. "तुषाररावाचे एकशे चौसष्ट. माह्ये नऊ. आन् डबीतला चौदा मी भरला. तो सगळ्यात मोठा."

प्रांजली रडली नाही. तिनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "आई गाडीत काही बोलायला लागल्या की मी गाणी लावायची," ती म्हणाली. "आवाज ऐकू यायचा नाही ना त्यांचा. चारदा 'काय?' म्हणायचं, मग पाचव्यांदा नुसतं 'हो हो' म्हणायचं. घरी पण तसंच. गाडीला आम्हीच शिकवलं."

"पुसून टाकतो मी," दिगंबर म्हणाला. "ही एक ओळ ठेवतो, बाकी पुसतो. कायले पाह्यजे कोणाले?"

"नका पुसू." ती एवढ्या जोरात बोलली की माठापाशी झोपलेलं कुत्रं उठलं. "एकशे सत्तावीस वेळा बोलल्या त्या. कोणीतरी पहिल्यांदा मोजलंय."

पाच वाजता वरोकार आले तेव्हा दिगंबरनं डबी कापडात गुंडाळून ठेवली होती आणि वर दोन पानं लिहून सही केली होती. हवालदारांनी ती उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली.

"तुमी पोरीचे बाप हा?"

"हाव. सकाळीच सांगाले पाह्यजे होतं."

"आन् हे कापी करण्याचं तुमीच लिहून देऊन राहिले? कोणी इचारलं बी नोतं, मोहोडभाऊ." वरोकारांनी पाटीकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या साडूची गाडी त्या त्रेचाळिसात होती. "कंपनीवाले हात वर करतीन. सगळं तुमच्यावर येईन."

"येऊ द्या," दिगंबर म्हणाला.

आणि तसंच झालं. कंपनीनं चार ओळींचं पत्र पाठवलं, की आठवण उतरवलेल्या डबीची जबाबदारी आमची नाही. गाडी उभी असताना तरी प्रत्येक मूठ ऐकावी, एवढी साधी गोष्ट त्यांच्या एवढ्या हुशार माणसांपैकी कोणालाच सुचली नव्हती, त्याबद्दल पत्रात काही नव्हतं. दिगंबरच्या वर्कशॉपची नोंदणी रद्द झाली, खटला उभा राहिला. पाटी त्यानं स्वतः शिडीवर चढून पांढरी केली. बेचाळीस गाड्यांच्या मालकांना त्यानं एकेक फोन लावला. प्रत्येकाच्या मागच्या सीटवर तो स्वतः बसायचा, दार बंद करायला लावायचा आणि मूठ ओढून बघायचा. अकरा गाड्यांत दार उघडलं नाही. एकाच्या गाडीत ती जागा नातीची होती, एकाच्या गाडीत बायकोची. "मोहोडभाऊ, आता परत पंधरा दिवस कटकट?" असं म्हणून तिघांनी डबी बदलायला सरळ नकार दिला, आणि दिगंबरचे हात जोडूनही काही उपयोग झाला नाही.

तुषार एकदाच आला. पानं त्यानं ठाण्यात वाचली होती. अंगणात तुळशीच्या ओट्यावर तो तासभर बसून राहिला. सासऱ्याला दोष दिला नाही, बायकोची माफी मागितली नाही. उठताना एवढंच म्हणाला, "एकशे चौसष्ट हा आकडा बरोबर आहे का, मामा?" दिगंबर हो म्हणाला. मग तुषारनं प्रांजलीची पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि ती त्याच्याबरोबर गेली. दोघं एका घरात राहू लागली. बोलायचीही, कामापुरतं. गाडीत नवी, कोरी डबी बसली होती, कंपनीच्या माणसाच्या हातून, सगळे आकडे शंभरावर. मागच्या डाव्या सीटवर कोणी बसत नव्हतं.

डिसेंबरात दिगंबरला तारखेसाठी अमरावतीला जावं लागलं. आठवड्यापूर्वीच मोतीबिंदू काढलेला, म्हणून प्रांजली त्याला घेऊन गेली. परत येताना पुढच्या सीटवर वकिलाच्या फायली आणि औषधांची पिशवी होती. दिगंबर मागं बसला. उजवीकडे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या काचा चमकतात, डोळ्याला त्रास होतो, म्हणून डावीकडे.

तारीख पुढची पडली होती. वकिलानं काही चांगलं सांगितलं नव्हतं. पण बाहेर कपाशी फुटली होती, गाडीत गाणी लावलेली नव्हती आणि बापलेक मूर्तिजापूरपर्यंत चांगलं बोलत आले. यमुनाबाईंच्या चार हजार पोरांतलं एक पोर आता वकिलाकडे कारकून आहे, हे प्रांजलीनं सांगितलं, आणि ती थोडी हसलीसुद्धा.

खड्डा दोघांनाही दिसला नाही. गाडी आदळली, दिगंबर कलंडला आणि आधारासाठी त्याचा हात जाऊन दाराच्या मुठीवर पडला.

पुढे बारीक आवाज झाला. पडद्यावर प्रश्न उमटला, "मागचं डावं दार उघडायचं?"

प्रांजलीची नजर रस्त्यावर होती. गाडी सत्तरच्या वेगात होती आणि शेजारून ट्रक येत होता. तिचा अंगठा आपसूक उठला आणि "नको"वर टेकला. बरोबरच होतं. चालत्या गाडीत दुसरं कोणी काय केलं असतं?

ट्रक निघून गेला. मग तिला कळलं. अंगठा अजून पडद्यावरच होता. आरशात तिचे डोळे दिगंबरला दिसले आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

"बाबा," ती म्हणाली.

"काई नाई बेटा. चुकून लागला हात," दिगंबर म्हणाला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला, अकोला येईपर्यंत.